यूकेचा स्पाउस व्हिसा : उत्पन्नाची आणि बचतीची अट कागदोपत्री कशी पूर्ण करायची

"पैसे तर होते, मग नाकारला कसा?" ओळखीपाळखीतल्या जोडप्यांच्या फायली बघताना हा प्रश्न मला वारंवार ऐकावा लागतो आणि दर वेळी जीव तुटतो. लग्न होऊन आठ-नऊ महिने झालेले, एक जण लेस्टरला, एक जण साताऱ्याला आणि मध्ये नकाराचं पत्र. त्या पत्रात तुम्ही गरीब आहात असं लिहिलेलं नसतं. अमुक तारखेला शिल्लक कमी होती, अमुक महिन्याची पे-स्लिप जोडलेली नाही, कंपनीच्या पत्रात पगाराचा कालावधी नाही, असं काहीतरी असतं. होम ऑफिसला, म्हणजे व्हिसा देणाऱ्या यूकेच्या गृहखात्याला, रक्कम हवीच असते, पण ती ठरलेल्या काळात आणि ठरलेल्या कागदावर दिसावी लागते. म्हणून या लेखात रकमेपेक्षा तारखांबद्दल जास्त लिहिलं आहे.

टप्पा १ : नियम तुम्हाला कोणता लागू आहे ते आधी बघा

पुढचं सगळं मुख्यतः तेव्हा लागू होतं, जेव्हा यूकेतला जोडीदार, म्हणजे स्पॉन्सर, ब्रिटिश किंवा आयरिश नागरिक असतो किंवा त्याला तिथे कायम राहण्याची परवानगी मिळालेली असते. आपण त्याला बोलताना पीआर म्हणतो.

नवरा किंवा बायको स्किल्ड वर्कर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असेल, तर तुमचा व्हिसा डिपेंडंटचा. त्याची पैशांची अट अगदी वेगळी आहे: जोडीदारासाठी २८५ पौंड, सलग २८ दिवस खात्यात. कंपनीने खर्चाची हमी दिली असेल तर तेही दाखवावे लागत नाहीत. आयटीतल्या मित्राने "अरे, २८ दिवस ठेवले की झालं" असं सांगितलं, तर तो खोटं बोलत नसतो. तो त्याच्या व्हिसाबद्दल बोलत असतो. स्पाउस व्हिसाला बचत दाखवायची असेल तर २८ दिवस नाही, सहा महिने लागतात. सगळ्यात जास्त फायली याच गोंधळात अडकलेल्या मी पाहिल्या आहेत.

टप्पा २ : तुमचा आकडा काढा

११ एप्रिल २०२४ पासून पहिल्यांदा अर्ज करणाऱ्यांसाठी वर्षाला २९,००० पौंड उत्पन्नाची अट आहे. हे उत्पन्न कर कापण्याआधीचं धरतात, हातात येणारं नाही. मुलांसाठी वेगळी वाढीव रक्कम आता लागत नाही.

ज्यांना याच मार्गाने ११ एप्रिल २०२४ च्या आधी केलेल्या अर्जावर व्हिसा मिळाला आणि आता त्याच जोडीदाराबरोबर मुदतवाढ घ्यायची आहे, त्यांना जुनी १८,६०० पौंडांची अट लागते. तिच्यात पहिल्या मुलासाठी ३,८०० आणि पुढच्या प्रत्येकासाठी २,४०० पौंड वाढतात.

स्पॉन्सरला अपंगत्वाशी किंवा कोणाच्या देखभालीशी संबंधित काही ठरावीक सरकारी भत्ते मिळत असतील, उदाहरणार्थ पर्सनल इंडिपेंडन्स पेमेंट किंवा केअरर्स अलाउन्स, तर ठरावीक आकड्याची अट लागत नाही. तिथे घरखर्च पुरेसा भागतो एवढं दाखवायचं असतं. तुम्ही यात बसत असाल तर पुढची आकडेमोड सोडून द्या.

*तपासा:* नुसत्या बचतीवर अर्ज करायचा तर ८८,५०० पौंड लागतात. हा आकडा कुठून आला ते टप्पा ५ मध्ये आहे. पगार २९,००० च्या वर असेल आणि सहा महिने स्थिर असेल, तर बचतीच्या वाटेला जाऊच नका. लोक "जास्त दाखवलेलं बरं" म्हणून दोन्ही जोडतात आणि बचतीच्या कागदांतली एखादी विसंगती विनाकारण तपासणाऱ्यासमोर ठेवतात.

टप्पा ३ : अर्जाची तारीख ठरवा आणि उलटं मोजा

सगळी मोजणी अर्जाच्या तारखेपासून मागे जाते. परदेशातून ऑनलाइन अर्ज करताना ही तारीख म्हणजे तुम्ही फी भरता तो दिवस; बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएस केंद्रात, म्हणजे व्हिसा अर्ज केंद्रात, जाता तो नाही.

समजा १ सप्टेंबरला फी भरायची आहे. मग बचत १ मार्चपासून खात्यात हवी, स्टेटमेंट फेब्रुवारीच्या शेवटापासून काढलेलं बरं. पगाराच्या स्लिपा मार्च ते ऑगस्ट. स्टेटमेंटची शेवटची तारीख आणि शेवटची पे-स्लिप अर्जाच्या दिवशी २८ दिवसांपेक्षा जुनी नको. म्हणजे पगार झाल्यापासून दोन-तीन आठवड्यांत फी भरली की गणित जुळतं.

लग्नाची तारीख धरू नका, विमानाचं तिकीट तर नाहीच. भिंतीवरच्या कॅलेंडरवर अर्जाचा दिवस खूण करा, त्याच्या मागचे सहा महिने आखा आणि त्या सहा महिन्यांत नोकरी, खातं, एफडी यांतलं काहीही हलवायचं झालं तर आधी या आखणीकडे बघा.

टप्पा ४ : पगारावर अर्ज करत असाल तर

भारतातून अर्ज करताना फक्त स्पॉन्सरचा पगार धरतात. तुम्ही पुण्यात वर्षाला तीस लाख कमावत असलात तरी तो पगार मोजला जात नाही, कारण यूकेला गेल्यावर ती नोकरी राहणार नाही असं नियम धरून चालतो. तुमची बचत, भाडं, पेन्शन मात्र चालतं. हा भेद नीट लक्षात ठेवा.

स्पॉन्सर एकाच कंपनीत सहा महिने किंवा जास्त असेल, तर सहा महिन्यांच्या पे-स्लिपा लागतात. मासिक पगार असेल तर त्या सहा महिन्यांतली सर्वांत खालची पातळी घेऊन तिच्यावर वर्षाचं उत्पन्न काढतात. तासांवर पगार असेल तर सहा महिन्यांची सरासरी काढून तिची बारा पट करतात.

इथे आपल्याकडची एक ठरलेली अडचण येते. मुलगा लग्नासाठी पाच आठवडे भारतात येतो, शिल्लक रजा संपते, शेवटचे दहा दिवस बिनपगारी जातात. वर्षाचा पगार ३१,००० पौंड, म्हणजे महिना साधारण २,५८३. त्या एका महिन्याच्या स्लिपवर १,७५० लिहिलेलं येतं. त्याची बारा पट २१,०००. बाकी पाच स्लिपा कितीही चांगल्या असल्या तरी तपासणाऱ्याची नजर तिथेच थांबते. असा महिना असेल तर तो सहा महिन्यांच्या चौकटीतून बाहेर पडेपर्यंत थांबणं हा सगळ्यात सुरक्षित मार्ग. घरच्यांना हे पटवणं अवघड जातं, मला माहीत आहे. पण दोन-तीन महिन्यांचा उशीर नकारानंतरच्या अपिलापेक्षा कितीतरी सोपा असतो.

पगारवाढही अशीच फसवते. तीन महिन्यांपूर्वी २७,००० चे ३०,००० झाले असतील, तर सहा महिन्यांच्या चौकटीत अजून २७,००० बसलेले आहेत. वाढीनंतरचे सहा महिने पूर्ण होऊ द्या.

नोकरी नवी असेल, सहा महिन्यांच्या आतली, तर दोन गोष्टी एकाच वेळी दाखवाव्या लागतात: आजचा पगार वर्षाला २९,००० च्या दराने आहे आणि मागच्या बारा महिन्यांत प्रत्यक्षात मिळालेला एकूण पगारही २९,००० भरतो. दुसरी अट लोक वाचतच नाहीत. मध्ये तीन महिने बेकार असलेला माणूस ४०,००० च्या नोकरीला लागला तरी बारा महिन्यांची बेरीज कमी पडू शकते.

*इशारा:* स्पॉन्सर सध्या भारतातच राहत असेल आणि दोघं मिळून परतणार असाल, तर यूकेत परतल्यापासून तीन महिन्यांच्या आत सुरू होणारी, २९,००० किंवा जास्त पगाराची पक्की नोकरी दाखवावी लागते. शिवाय भारतातल्या चालू नोकरीचा पगारही याच पातळीचा असावा लागतो. पौंड ११० रुपये धरला तर ते वर्षाला ३१ लाख ९० हजार होतात. नुसतं ऑफर लेटर पुरेसं नसतं. हा आकडा जमत नसेल तर बचतीचा रस्ता बघा, किंवा स्पॉन्सरने आधी एकट्याने जाऊन सहा महिने नोकरी करावी.

युनिव्हर्सल क्रेडिट, चाइल्ड बेनिफिट यांसारखे यूकेतले सरकारी भत्ते उत्पन्नात धरत नाहीत. सासरे दर महिन्याला मदत पाठवणार आहेत, हेही नेहमीच्या अर्जात उत्पन्न ठरत नाही.

टप्पा ५ : बचत

आधी सूत्र. बचतीतले पहिले १६,००० पौंड सोडून द्यायचे, उरलेल्या रकमेला २.५ ने भागायचं, जे येईल ते पगारात मिळवायचं. पगार शून्य धरला तर २९,००० गुणिले २.५ म्हणजे ७२,५००, त्यात १६,००० मिळवले की ८८,५००.

पगार २५,००० असेल तर ४,००० कमी पडतात. ४,००० गुणिले २.५ म्हणजे १०,०००, अधिक १६,०००. म्हणजे २६,००० पौंडांची बचत हवी. पगार २८,००० असला तरी १८,५०० लागतात. "हजारच पौंड कमी आहेत, मग हजारच दाखवू" हा हिशेब चुकीचा. १६,००० च्या आतली बचत या कामाला शून्य धरली जाते.

आता सहा महिन्यांचं. या काळातली सर्वांत कमी शिल्लक हीच तुमची बचत. एका जोडप्याचं स्टेटमेंट माझ्यासमोर होतं. पगार २५,०००, म्हणजे २६,००० पौंड हवेत. खात्यात ३० लाख ४० हजार रुपये होते, ११० च्या दराने २७,६३६ पौंड. सगळं व्यवस्थित. मग एका ओळीत मंगल कार्यालयाच्या नावाने ३ लाख २० हजार गेलेले आणि चारच दिवसांनी वडिलांकडून तेवढेच परत आलेले. त्या चार दिवसांची शिल्लक २७ लाख २० हजार, म्हणजे २४,७२७ पौंड. सूत्रात घातलं की पगारासकट २८,४९१ येतात. पाचशे पौंडांनी गेलं. वडिलांनी पैसे भरले ते प्रेमानेच, पण लग्नाचा खर्च दुसऱ्या खात्यातून व्हायला हवा होता.

म्हणून बचतीचं खातं वेगळं ठेवा. त्याला यूपीआय जोडू नका, कोणताही हप्ता लावू नका, कार्ड कपाटात राहू द्या.

पैसे भारतात आहेत की यूकेत याने फरक पडत नाही. लंडनला पाठवायची गरज नाही. फरक पडतो तो दराने. रुपयांचे पौंड करताना अर्जाच्या दिवसाचा ओआंडा या संकेतस्थळावरचा दर धरतात. ८८,५०० पौंड म्हणजे ११० च्या दराने ९७ लाख ३५ हजार आणि १२० च्या दराने १ कोटी ६ लाख २० हजार. सहा महिन्यांत रुपया कुठे जाईल हे कोणी सांगू शकत नाही, तेव्हा दहा टक्के तरी जास्त ठेवा. काठावरची बचत घेऊन सहा महिने दर रात्री दर तपासणारी माणसं मी पाहिली आहेत. फार हाल होतात.

काय चालतं? बचत खातं, आणि दंड भरून का होईना पण लगेच मोडता येणारी एफडी. काय चालत नाही? पीपीएफ, ईपीएफ, पाच वर्षांची करबचतीची एफडी, विमा पॉलिसी, सोनं. आपल्याकडे घराची खरी बचत बहुतेक यांतच असते. ते मोडून पैसे खात्यात आणलेत तर सहा महिने त्या दिवसापासून मोजा.

म्युच्युअल फंड आणि शेअर यांना सवलत आहे. अर्जाच्या दिवशी ते विकून पैसे खात्यात आलेले हवेत, पण त्याआधी ते तुमच्याच नावावर असतील तर तो काळही सहा महिन्यांत धरतात. त्यासाठी सहा महिन्यांपूर्वीच्या मूल्याचं स्टेटमेंट लागतं. फंड विकायच्या आधीच ते डाउनलोड करून ठेवा.

जमीन किंवा घर विकलं असेल तरीही तसंच: सहा महिन्यांच्या सुरुवातीला ते तुमच्या किंवा जोडीदाराच्या मालकीचं होतं आणि विक्रीचे पैसे खात्यात जमा झाले, हे दाखवता आलं पाहिजे. कर्ज फेडून उरलेलीच रक्कम धरतात. भावाबरोबर सामाईक असेल तर फक्त तुमचा हिस्सा. खरेदीखतातला आकडा आणि खात्यात आलेला आकडा जुळला पाहिजे. रोखीने घेतलेला भाग या कामाला कधीही उपयोगी पडत नाही. सातबारा, इंडेक्स-२, मराठीतलं खरेदीखत यांचं इंग्रजी भाषांतर लागतं आणि त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही, तारीख, संपर्क आणि भाषांतर अचूक असल्याचा दाखला हवा.

आईवडिलांनी दिलेले पैसे चालतात, उसने पैसे चालत नाहीत. देणाऱ्याने सहीनिशी लिहून द्यावं की ही भेट आहे, परत घेणार नाही. त्यांच्या खात्यातून तुमच्या खात्यात आल्याची नोंद दाखवावी, आणि तुमचे सहा महिने ते पैसे तुमच्याकडे आल्यापासून सुरू होतात. वडिलांबरोबर जोडलेल्या जुन्या खात्यात पैसे पडू देऊ नका. ते कोणाचे, हा प्रश्न उभा राहतो. एकट्याच्या नावाचं किंवा नवरा-बायकोचं खातं उघडा.

*तपासा:* पैसे पतसंस्थेत आहेत का? बचत अशा बँकेत हवी जिच्यावर त्या देशातल्या नियामकाची देखरेख आहे, आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची. पतसंस्था रिझर्व्ह बँकेखाली येत नाही. आजच बँकेत हलवा आणि मोजायला सुरुवात करा.

टप्पा ६ : भाडं, पेन्शन आणि स्वतःचा धंदा

भाड्याचं उत्पन्न अनेक जण विसरतात. तुमच्या नावावर नाशिकला फ्लॅट असेल आणि तो भाड्याने दिला असेल, तर मागच्या बारा महिन्यांत खात्यात आलेलं भाडं धरता येतं, अर्जदाराचंसुद्धा. मालकीचा कागद, भाडेकरार आणि बारा महिन्यांचं स्टेटमेंट लागतं. भाडेकरू रोख देत असेल तर आजपासून खात्यात भरायला सांगा.

स्पॉन्सरचा स्वतःचा व्यवसाय असेल तर मागचं पूर्ण आर्थिक वर्ष किंवा मागच्या दोन वर्षांची सरासरी बघतात. यूकेत हे वर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल. घरच्याच लोकांचे शेअर असलेल्या कंपनीत तो डायरेक्टर असेल, तर पे-स्लिपा असूनही साध्या नोकरीचा नियम लागत नाही, कंपनीच्या वर्षाचे हिशेब द्यावे लागतात. आणि मोठा इशारा: धंद्याच्या उत्पन्नात बचत मिळवता येत नाही. इतकी गुंतागुंत असेल तर यूकेतल्या नोंदणीकृत इमिग्रेशन सल्लागाराला एकदा पैसे देऊन विचारा.

टप्पा ७ : कागद जुळवा

टेबलावर पे-स्लिपा एका बाजूला, स्टेटमेंट दुसऱ्या बाजूला ठेवा. प्रत्येक स्लिपवरची हातात येणारी रक्कम त्या महिन्याच्या जमेच्या नोंदीशी पैशापैशाने जुळली पाहिजे. पेन्सिलने खूण करत जा. एखादी जुळत नसेल तर कारण कंपनीकडून लिहून घ्या.

कंपनीच्या पत्रात चार गोष्टी हव्यात: नोकरी आणि वार्षिक पगार, किती काळ नोकरीत आहे, हा पगार कधीपासून मिळतो आणि नोकरी कायम आहे, मुदतीची आहे की एजन्सीतर्फे. एचआरचं तयार पत्र बहुधा पहिल्या दोनवरच संपतं. त्यांना हे चारही मुद्दे मेलमध्ये लिहून पाठवा.

भारतातल्या बँकेकडून पासबुक नको, स्टेटमेंट घ्या आणि प्रत्येक पानावर बँकेचा शिक्का मारून घ्या. शाखेत जाऊन चाळीस पानांवर शिक्के मारून घ्यायला संकोच वाटतो, पण घ्याच. एफडीचं प्रमाणपत्र, ती मोडली असेल तर मोडल्याची पावती, आणि बचत कुठून आली याचं सही केलेलं निवेदन सोबत लावा.

टप्पा ८ : फी भरायचा दिवस

फी एप्रिल २०२५ मध्ये १,९३८ पौंड झाली. तिथल्या सरकारी आरोग्यसेवेसाठीचा आरोग्य अधिभार वर्षाला १,०३५ पौंड आहे; ३३ महिन्यांच्या व्हिसासाठी तीन वर्षांचा धरून ३,१०५ भरावे लागतात. दोन्ही मिळून पाच हजारांवर जातात. हे पैसे बचतीच्या खात्यातून भरू नका. अर्जाच्या दिवशी बचत पूर्ण असावी लागते, आणि फी त्याच दिवशी कापली जाते.

त्या दिवशी सकाळी गव्ह डॉट यूके या सरकारी संकेतस्थळावर उत्पन्नाची अट आणि फी पुन्हा एकदा वाचा. आकडे बदलत असतात. मग दर बघा, बचतीला भागा, सूत्र पुन्हा करा. नंतरच "पे" दाबा.

नकार आलाच, तर परदेशातून अर्ज करणाऱ्याला बहुतेक प्रकरणांत अपिलासाठी २८ दिवस असतात. कागद अपुरे असणं एवढंच कारण असेल तर कित्येकदा नवा, नीट अर्ज लवकर सुटतो. पण अपिलाची मुदत सोडण्याआधी सल्ला घ्या.

व्हिसा मिळाला की यूकेत पोचल्यावर तुम्हाला नोकरी करता येते, आणि मुदतवाढीच्या अर्जात तुमचा तिथला पगारही धरला जातो. पहिल्या महिन्यापासून दोघांच्या पे-स्लिपा एकाच फोल्डरमध्ये टाकत जा.